टाचणीच्या डोक्याएवढा शंख

९ मार्च

दादा,

नमस्कार, खुशाली, मोठ्यांची विचारपूस, सगळं केलं असं धरून चाल. दिवसभर ब्रश धरून माझी बोटं आखडलीत, फुकटची वाक्यं लिहायला ती तयार नाहीत.

तू पत्र न वाचता फाडणार हे मला माहितेय. म्हणून पाकिटावरच लिहिलंय: "बाबा बरे, होडी बरी." फाडताना तेवढं तरी डोळ्यांखालून गेलंच ना. फसलास.

बाबा खरंच बरे आहेत. अंगणात बसून तेच एक जाळं चौथ्यांदा दुरुस्त करतायत. भोकं संपली की सुरीने नवीन पाडतात. मी बघितलं तर म्हणाले, "तुझं काय जातंय?" माझं काही जात नाही.

होडीवर काल जाऊन आले. इंजिन दहा मिनिटं चालवलं, केबिन झाडली, दोरखंड उन्हात टाकले. तुझं पावाचं कपाट धुतलं. एक झुरळ नाही त्यात. आठवतं, आधी पाव ठेवला की पावाला पाय फुटायचे?

मी दोनदा तुरुंगात तुला भेटायला आले होते. पहारेकरी म्हणाला, "मला बहीण नाही म्हणतो." दुसऱ्यांदा मी म्हटलं, मग धाकटा भाऊ आलाय म्हणून सांगा. तो हसला. आतून येऊन म्हणाला, "नाही हसला तो."

कामावरून मला काढलं नाही. उलट बढती मिळाली. समुद्र केंद्रात आधी नुसत्या बरण्या धुवायचे आणि भरायचे, आता भिंगासमोर बसते, खुर्चीवर, उशी घेऊन. भिंगवाला बरा आहे. त्याचा हात जवळजवळ भरून आलाय. तेव्हा तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. घेत असशील तर.

तुझी
टाचणी


१८ मार्च

दादा,

मागच्या पत्रात एक खोटं होतं. ते आज काढून टाकते.

सरांचा हात भरून आलेला नाही. (मी आता भिंगवाला म्हणत नाही, तुम्ही म्हणा.) उजव्या हाताची तीन बोटं वाकत नाहीत. दोनदा कापून आत खिळे घातले, एक खिळा चामडीतून वर आलाय. सर त्याला तेल लावल्यासारखं मलम लावतात आणि शिव्या देतात. शिक्षकी शिव्या, "मूर्ख", "बेजबाबदार". मला हसू येतं. मग येत नाही.

माझी बढती त्या बोटांमुळे झाली. भिंगाखाली बारीक ब्रशने एकेक शंख उचलून ओळीत लावायचा, हे काम सरांनी तीस वर्षं केलं. आता ते बाजूला बसून सांगतात आणि मी उचलते. म्हणजे मला नोकरीत वर तूच चढवलंस. पेढे तुझ्याकडून.

त्या दुपारचं एकदा लिहून टाकते, कारण इथे कोणाशी बोलता येत नाही.

सरांचा रिपोर्ट आला जानेवारीत. समुद्रातले बारके शंख विरघळतायत, लहान मासळी त्यांच्यावर जगते, म्हणून आठ महिने मासेमारी बंद. तू ताटावरून उठून म्हणालास, "मोहरीएवढ्या गोगलगायीसाठी तीनशे होड्या बांधून घातल्या." मग एक दिवस मला कोपऱ्यात घेऊन म्हणालास, "टाचणे, केंद्राच्या मागच्या दाराची कडी काढून ठेव. सडक्या मासळीची टोपली भिंगवाल्याच्या टेबलावर ओततो, बस." मला तर उकळ्या फुटल्या. ही आयडिया आपल्याला का नाही सुचली म्हणून जळलेसुद्धा.

सहा जण आलात. टोपली एकाकडेच होती. बाकीच्यांच्या हातात काय आहे ते दिसलं तोवर माझी कडी काढून झाली होती.

तुझ्या दोस्ताने, बोक्याने, कपाट आडवं केलं. दोघांनी बरण्या भिंतीवर फोडायला घेतल्या. त्या औषधाच्या वासाने डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. सरांनी टेबलावरची एक बरणी हाताने झाकली होती, अंड्यावर कोंबडी बसते तशी. तू होडीवरच्या विंचचा, जाळं ओढायच्या रहाटाचा, लोखंडी दांडा घेऊन आलास.

तू बरणीवरच मारत होतास असं मी स्वतःला सांगते. पहिल्या फटक्याला ते खपतं. दुसऱ्याला खपवून घेते. तिसऱ्या वेळी टेबलावर बरणीच नव्हती, दादा. नुसता हात होता. ओली फळी मोडते तसा आवाज आला.

मी तुझ्या पाठीवर चढून मानेला चावले. रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. तू मला झटकलंस ते मी बेसिनवर. मग पोलिसांना फोन मी केला. म्हणून तुला बहीण नाही, हे मला समजतं.

पण कडीचं तू त्यांना का नाही सांगितलंस?

टाचणी


२ एप्रिल

दादा,

आज तुला एक मारामारी दाखवते. तुला आवडेल.

ज्यांच्यामुळे सगळं पेटलं ते शंखवाले जीव जिवंत असताना मी कधी बघितलेच नव्हते. मी बघायचे ती बरणीतली मढी. टाचणीच्या डोक्याएवढी गोगलगाय, पाठीवर काचेसारखा पातळ शंख, आणि पायाच्या जागी दोन पंख. फडफड करत पोहते. आणि तिला खाणारा एक जीव आहे, तो तिचाच चुलत भाऊ, पण नागडा, अंगावर शंख नाही. गुलाबी, पारदर्शक, इतका गोंडस की गालगुच्चा घ्यावा.

सरांनी काचेच्या बशीत दोघांना एकत्र सोडलं. नागड्याने जरा वास घेतला आणि त्याचं डोकं मधोमध फाटलं. आतून सहा हात बाहेर आले. त्याने शंख पकडला, फिरवला, तोंडाची बाजू आपल्याकडे येईपर्यंत फिरवत राहिला. मग आत आकडे घालून तिला ओढून काढलं, बटाट्याचं साल निघावं तशी सोलून, अख्खी. रिकामा शंख तळाला पडला. दोन मिनिटांत डोकं मिटलं आणि महाराज परत गोंडस.

"कोणाची आठवण आली का?" सरांनी विचारलं.

"नाही," म्हटलं.

"मला आली," म्हणाले, आणि डाव्या हाताने चहा प्यायले.

मग मी विचारलं, समुद्र खरंच आंबट होतोय का. ते चिडले. "आंबट नाही. आंबटाच्या दिशेने." कारखान्यांचा, गाड्यांचा, जगातला सगळा धूर हवेत राहत नाही, बराचसा समुद्र पिऊन टाकतो. पाणी बदलतं. शंख म्हणजे खडूच, फळ्यावरचा. तशा पाण्यात तो बनवायला जिवाला जास्त कष्ट पडतात आणि बनलेला झिजतो. मी म्हटलं, मग नागड्याचं बरं आहे, त्याला शंखच नाही.

"त्याला खायला काय उरेल?" सर म्हणाले.

तुझा वकील घरी आला होता. टाय लावून, बाबांच्या जाळ्यात बूट अडकवून घेतला. म्हणाला, रिपोर्ट चुकीचा होता असं दाखवता आलं तर शिक्षा निम्म्यावर येईल. "तू तिथे बरण्या भरायचीस ना? काही गडबड बघितलीस?"

मी म्हटलं, मी बघण्यातली नाही, करण्यातली आहे. तो हसला. त्याला वाटलं विनोद.

टाचणी


१५ एप्रिल

दादा,

झालंय असं की मी मेलेय. जिवंत आहे, पण मेलेय.

सर मला बरणी भरायला नव्याने शिकवत होते. मी म्हटलं, येतं मला, वर्षभर भरतेय. पाणी, त्यात जाळीतले जीव, मग फॉर्मॅलिन म्हणजे ते वासाचं औषध, कुजू नये म्हणून, आणि वर त्या निळ्या डब्यातली पांढरी पूड एक चमचा.

"आणि ती पूड कशाला?"

मी म्हटलं, शोभेला.

ते हसले नाहीत. म्हणाले, "ती बोरॅक्स. फॉर्मॅलिन पडून पडून स्वतःच आंबट होतं. बोरॅक्स नसेल तर महिन्याभरात शंख बरणीतच विरघळायला लागतो. मग तू झाकण उघडशील आणि दोष समुद्राला देशील."

मी बाथरूमला जाते म्हणून सांगितलं आणि कडी लावून बसले.

सप्टेंबरपासून त्या निळ्या डब्यात मीठ आहे, दादा. खाण्याचं साधं मीठ. आतली पूड मी घेऊन गेले होते, सगळी, कशासाठी ते सोड. डबा रिकामा दिसू नये म्हणून मीठ भरलं. कोणी ओळखलं नाही म्हणून आठवडाभर गालातल्या गालात हसत होते. सप्टेंबर ते डिसेंबर, अठरा बरण्या, प्रत्येकीत एक चमचा मीठ. मी इतकी प्रामाणिक की चमचा सपाट करून टाकायचे.

चार दिवस गिळून बसले. पाचव्या दिवशी सांगितलं.

सरांनी तुमच्या हातून वाचलेल्या अकरा बरण्या टेबलावर मांडायला लावल्या आणि एकेकीत आंबटपणा दाखवणारी कागदाची पट्टी बुडवली. पट्टीचा रंग बघायचे आणि बरणी पुढे सरकवायचे. अकरावी झाली. मग उठून मला थोबाडीत मारली. डाव्या हाताची सवय नाही त्यांना, कानाखाली न बसता नाकावर बसली. माझं रक्त रजिस्टरवर सांडलं. मी मारून घेतलं, वर म्हटलं, "सर, अजून एक चालेल."

मग त्यांनी आपला खिळ्यांचा हात टेबलावर आपटला. एकदा नाही. मी मनगटाला लोंबकळले तेव्हा थांबले. हाताची मलमपट्टी लाल झाली होती.

खाली बसून म्हणाले, "मी पट्टी बुडवायला हवी होती. जानेवारीत. तीस वर्षं मुलांना हेच शिकवतोय, आधी बरणी तपासा. झाकण उघडलं आणि मला जे दिसायला हवं होतं तेच दिसलं. मग कोण बुडवतो पट्टी."

मी म्हटलं, आता काय?

म्हणाले, "आता जिवंत धरून बघायचं. बरणीशिवाय. त्याच दिवशी."

टाचणी


२९ एप्रिल

दादा,

आधी सांगते, होडीला काही झालेलं नाही. ओरखडासुद्धा नाही. आता वाच.

सरांना समुद्रात न्यायला कोणी तयार नाही. सरकारी परवाना दाखवला तर एकाने त्यात नाक शिंकरून परत दिला. म्हणून मी तुझी होडी काढली. बाबांना विचारलं, ते "माझं काय जातंय" म्हणाले. किल्ली मात्र जाळ्याखालून त्यांनीच सरकवली.

विंचचा दांडा पोलिसांकडे पुराव्यात पडलाय, त्यामुळे जाळं हातानेच ओढावं लागलं. साठ मीटर दोर, सहा वेळा. तळव्यांची साल निघाली. सर एका हाताने दोर धरायला आले आणि त्या हाताकडे बघून मी त्यांना इतकी घाण शिवी दिली की ते गपचूप जाऊन बसले. तुझी शिवी होती, ती जाळं अडकल्यावरची.

धक्क्यावर आल्या आल्या केंद्रात जाऊन भिंगाखाली मोजलं. शंभर शंख मी मोजले, मग सरांनी तेच शंभर मोजले, मग मी परत.

बरण्यांमध्ये शंभरातले चौऱ्याण्णव झिजलेले, खाल्लेले होते. जिवंत पकडलेल्यांत एकतीस. कडा कुरतडल्यासारख्या, वर धुरकट डाग, काचेला ओरखडे पडावेत तसे. मग सरांनी कपाटातून त्यांच्या तरुणपणीचा एक डबा काढला, तेव्हा नीट जपलेला, तू जन्मलास त्या वर्षीचा. त्यातले शंभर. खाल्लेले दोन.

म्हणजे रिपोर्ट खोटा होता, आणि खोटा नव्हताही. मी विचारलं, एकतीसच सांगितले असते तर बंदी लागली असती का?

सरांनी चष्मा पुसला. "या वर्षी कदाचित नाही. पाच-सात वर्षांनी नक्की."

हे ऐकून मी धक्क्यावर परत आले, होडी नीट बांधायला. तिथे जामिनावर सुटलेला बोक्या उभा.

"भावाला आत घातलंस आणि त्याच्याच होडीत भिंगवाल्याला फिरवतेस?"

गप्प बसले असते तर नुसत्या शिव्यांवर भागलं असतं. पण मला वाटलं, तुमच्यापैकी कोणाला तरी कळायला हवं. मी सगळं सांगितलं. पूड, मीठ, बरण्या. तो शांतपणे ऐकत होता, मान हलवत होता, म्हणून मला वाटलं समजलं याला.

पहिला ठोसा तोंडावर बसला. पुढचे दोन दात गेले, एक तर गिळलाच मी. पडल्यावर त्याने बरगड्यांत लाथ घातली, मग दुसरी. तिसऱ्या लाथेला मी त्याचा पाय धरून त्याला खाली आणलं आणि कानाला चावले. उरलेल्या दातांनी. पाळीचा तुकडा निघून आला. तो असा किंचाळला की धक्क्यावरचे पक्षी उडाले. बघणारे दहा-बारा होते, एकही मधे पडला नाही. तुकडा मी त्याच्या हातात ठेवला. म्हटलं, बर्फात घाल, शिवून मिळतो.

आता स चा उच्चार करताना शिट्टी वाजते. सरांना "सर" म्हटलं की ते वळून बघतात, कोण शिट्टी मारतंय म्हणून.

वकिलाला सांगितलंय, साक्ष देते. तो इतका खूश झाला की त्याने बाबांशी हात मिळवला.

टाचणी


२० मे

दादा,

काल तू आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होतास आणि मी समोर. तीन महिन्यांनी तुला बघितलं. मानेवर माझ्या दातांची खूण अजून आहे. माझ्याकडे दात नाहीत, तुझ्याकडे खूण आहे, बरोबरी झाली.

मी काय बोलले ते तू ऐकलंस, पण मी काय बोलले नाही ते सांगायला हे पत्र आहे.

डब्यात मीठ मी भरलं, सांगितलं. कडी मी काढली, तेही सांगितलं. तू मान हलवून "नको" म्हणत होतास, मला दिसत होतं. पुढच्या महिन्यात माझीही तारीख आहे, बघू. तुझ्या वकिलाने हात चोळत विचारलं, "म्हणजे रिपोर्ट साफ खोटा?" मी म्हटलं, "बरण्या खोट्या. एकतीस खरे." मग तो एकतीस हा आकडा सगळ्यांनी विसरावा म्हणून भराभर दुसरं विचारू लागला. "ती पूड तू नेलीस कुठे?"

मी म्हटलं, "घरी. मुंग्या झाल्या होत्या."

आणि तुझा चेहरा बदलला. आपल्या घरात कधी मुंग्या नव्हत्या हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

मग न्यायाधीशांनी तुला विचारलं, काही बोलायचंय का. वकील तुला डोळ्यांनी दाबत होता, की बोल, खोट्या रिपोर्टाने माथं भडकलं म्हण. सर मागच्या बाकावर होते, हात मांडीवर. तू त्या हाताकडे बघितलंस आणि म्हणालास, "दांडा मी तीनदा मारला. हात पहिल्याच फटक्यात मोडला होता. मला आवाज आला होता. बरणी मला दिसत नव्हती."

वकिलाने कपाळ धरलं. चार वर्षांची शिक्षा झाली. बाबा बाहेर आल्यावर म्हणाले, "खरं बोलला." चार शब्द जास्त बोलले असते, पण रडू आलं.

तीन फटके आणि बरणी, हे मी तुला पत्रात लिहिलं होतं, त्याचंच उत्तर तू दिलंस. म्हणजे तू फाडत नाहीस. वाचतोस. नालायका, अडीच महिने मी पाकिटावर ठळक अक्षरात लिहीत बसले.

आता उरलेलं. गेल्या सप्टेंबरमध्ये तू मला म्हणाला होतास, "टाचणे, होडीत झुरळांनी वैताग आणलाय, तुमच्या केंद्रात इतकी औषधं, एखादं आण की." सरांनी एकदा सहज सांगितलं होतं की बोरॅक्स साखरेत घातली तर झुरळं मरतात. मी अख्खा डबा वर्तमानपत्रात ओतून तुला आणून दिला. तू साखर घालून कपाटात, फळ्यांखाली, इंजिनाच्या मागे सगळीकडे ठेवलीस. आठवड्याने आपण मेलेली झुरळं सुपाने भरून समुद्रात टाकली होती. तू मला खांद्यावर उचलून घेतलं होतंस.

तुझ्या झुरळांपायी बंदी लागली हे कोर्टात सांगितलं असतं तर धक्क्यावरच्या लोकांनी तुला बाहेर आल्यावर जिवंत सोडलं नसतं. आणि त्याहून वाईट म्हणजे हसले असते. म्हणून मुंग्या.

सरांना खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मेली का झुरळं?"

पाकिटात एका कागदावर शंख चिकटवलाय. पहारेकऱ्याने तंबाखूची धूळ समजून झटकला नसेल तर नखावर घे आणि खिडकीच्या उजेडात धर. एकतिसांतला आहे. कड बघ.

होडी मी दर रविवारी चालवून ठेवते. स्वच्छ आहे. आत एकही झुरळ नाही.

टाचणी